डीडीसमोरचे अठरा हजार डॉलर आणि न सापडलेला १०९५-ए

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी, नवरा आणि चार वर्षांचा मुलगा. २०२५च्या जूनमध्ये नवऱ्याचा लेऑफ झाला. ११ ऑगस्टला तो नव्या कंपनीत रुजू झाला, पण तिथला हेल्थ इन्शुरन्स १ ऑक्टोबरला सुरू झाला. आता टॅक्स भरायला बसलो, तर दोन्ही डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षभराच्या पगाराच्या दाखल्यांवर, बारा नंबरच्या चौकटीत डीडी लिहून मोठे आकडे आहेत, १२,४८० आणि ५,९४०. एवढे पैसे आमच्या हातात कधी आलेच नाहीत, मग त्यावर टॅक्स लागणार का? दोन्ही कंपन्यांकडून इन्शुरन्सचे १०९५-सी हे फॉर्म आले आहेत. पहिल्यावर आमची तिघांची नावं आहेत. दुसऱ्यावर फक्त नवऱ्याचं आहे आणि खालचा भाग कोरा. म्हणजे माझा आणि मुलाचा इन्शुरन्स काढलेलाच नाही का? त्यातच पंधराव्या ओळीत महिन्याला ११८ डॉलर लिहिलंय आणि पगारातून कापले जातात ५४०. मैत्रिणी म्हणतात, हे फॉर्म टाकून दिले तरी चालतात. भारतात ८०-डीखाली प्रीमियमची वजावट मिळायची, तशी इथे मिळते का? नवऱ्याने सॉफ्टवेअरमधून रिटर्न भरलं होतं, ते रिजेक्ट होऊन परत आलं, कारण नीट कळलं नाही. मधले तीन महिने आम्ही गेट कव्हर्ड न्यू जर्सी या राज्याच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी इन्शुरन्स-बाजारातून, प्लॅन घेतला होता, त्याला सबसिडीही मिळाली होती. त्याचं काही करावं लागतं का?

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकी प्रश्नांनी तुमची झोप उडाली असेल, पण पैसे परत द्यावे लागण्याची शक्यता फक्त या एका प्रश्नात आहे.

जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांसाठी तुमच्याकडे आणखी एक फॉर्म असायला हवा, १०९५-ए. तो कंपनीकडून येत नाही, मार्केटप्लेसकडून येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत गेट कव्हर्ड न्यू जर्सीकडून. तुमच्या पत्रात त्याचा कुठेच उल्लेख नाही. पत्ता बदलला असेल किंवा नवी नोकरी लागल्यावर त्या खात्याकडे कुणी फिरकलं नसेल, तर तो तिथल्या इनबॉक्समध्ये पडून असणार. आज रात्रीच लॉगिन करून उतरवून घ्या.

हाच फॉर्म मार्केटप्लेस आयआरएसला, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्यालाही, पाठवतं. म्हणजे तुमच्या नावाने इन्शुरन्स कंपनीला आगाऊ सबसिडी गेली आहे हे आयआरएसला आधीच माहीत आहे. अशा कुटुंबाचं रिटर्न फॉर्म ८९६२, म्हणजे या सबसिडीच्या हिशेबाचा फॉर्म, न जोडता ई-फाइल केलं की त्यांची यंत्रणा ते परत पाठवते. तुमचं रिटर्न बहुधा याच कारणाने परत आलं असावं. रिजेक्टचा जो संदेश आला, त्यात एफ-८९६२ ने सुरू होणारा कोड आहे का ते पाहा. असला तर कारण सापडलं. आणि एक गोष्ट नवऱ्याला स्पष्ट सांगा: रिजेक्ट झालेलं रिटर्न हे भरलेलं रिटर्न नव्हे. १५ एप्रिलच्या आत ते दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं आहे.

१०९५-एच्या तिसऱ्या भागात महिन्यांसमोर तीन रकाने आहेत. ए मध्ये तुमच्या प्लॅनचा पूर्ण प्रीमियम असतो. बी मध्ये तुमच्या भागातल्या दुसऱ्या सर्वांत स्वस्त सिल्व्हर, म्हणजे मधल्या पातळीच्या, प्लॅनचा प्रीमियम असतो. तुम्ही तो प्लॅन घेतला नसला तरी सबसिडीचं गणित त्याच्यावरच चालतं. सी मध्ये दरमहा तुमच्या वतीने भरलेली आगाऊ सबसिडी असते. हे तीन आकडे सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे टाकलेत की फॉर्म ८९६२ आपोआप तयार होतो. सॉफ्टवेअर विचारतं, "मार्केटप्लेसमधून इन्शुरन्स घेतला होता का?" नवऱ्याने तिथे "नाही" म्हटलं असणार, कारण बहुतेकांच्या मनात "आमचा इन्शुरन्स कंपनीचा" हेच पक्कं बसलेलं असतं.

आता हिशेब कसा बदलतो ते पाहा. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुमच्या फॉर्मवरून घ्या. समजा लेऑफनंतर अर्ज करताना तुम्ही वर्षाचं उत्पन्न ८० हजार डॉलर लिहिलंत. त्या वेळी तेच खरं वाटत होतं. त्यावरून महिन्याला ९३० डॉलर सबसिडी ठरली. मग ऑगस्टमध्ये नोकरी लागली, आणि सहा महिन्यांचा जुना पगार, नोकरी जाताना मिळालेली सेव्हरन्सची रक्कम आणि नवा पगार मिळून वर्षाचं उत्पन्न १ लाख ४० हजार झालं. २०२५ सालच्या नियमाप्रमाणे या पातळीच्या कुटुंबाने बी रकान्यातल्या प्लॅनसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपर्यंत स्वतः भरायचं आणि वरची रक्कम सबसिडी म्हणून मिळायची. १ लाख ४० हजारांचे ८.५ टक्के म्हणजे वर्षाला ११,९००, महिन्याला सुमारे ९९२. बी रकान्यात १,३५० असतील तर खरी सबसिडी होते ३५८. मिळाली होती ९३०. फरक महिन्याला ५७२, तीन महिन्यांचा १,७१६ डॉलर. एवढी रक्कम टॅक्समध्ये वाढेल किंवा रिफंडमधून वजा होईल.

हा दंड नव्हे आणि यात तुमची लबाडीही कुणी धरत नाही. वर्षाच्या मध्यात अंदाजाने दिलेल्या पैशांचा वर्षअखेरीला पुरा होणारा हिशेब आहे. पण उत्पन्न पाहायचं ते फक्त त्या तीन महिन्यांचं नाही, अख्ख्या वर्षाचं, हे ध्यानात घ्या. इथे फार लोक अडकतात. "त्या वेळी आम्हाला पगारच नव्हता" हे कितीही खरं असलं तरी फॉर्म ८९६२ त्याची दखल घेत नाही. लेऑफच्या धक्क्यातून नुकतं सावरलेल्या कुटुंबाला हे कडू वाटतं, मला ते कळतं. म्हणून यापुढे कधी अशी वेळ आली, तर नवी नोकरी लागल्याचं मार्केटप्लेसला त्याच आठवड्यात कळवा, म्हणजे सबसिडी तिथल्या तिथे कमी होते आणि मार्चमध्ये डोंगर उभा राहत नाही. २०२६ सालापासून तर हे आणखी गरजेचं आहे, कारण कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परतफेडीवर जी कमाल मर्यादा होती तीही कायद्याने काढून टाकली आहे.

आणखी दोन अटी आहेत. विवाहितांनी, मोजके अपवाद सोडले तर, रिटर्न एकत्र भरलं तरच ही सबसिडी टिकते. तुमचा व्हिसा कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण एच-१बी या नोकरीच्या आणि एच-४ या जोडीदार-मुलांच्या व्हिसावरची कुटुंबंही कायदेशीर रहिवासी म्हणून २०२५ साली तिला पात्र होती. "व्हिसावर असताना घेतली म्हणजे चूक केली" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. २०२७ पासून मात्र चित्र बदलतंय. ही सबसिडी ग्रीन कार्डधारक आणि इतर काही मोजक्या गटांपुरतीच राहील.

आता तुमचे १०९५-सी. मैत्रिणी टाकून द्यायला सांगतात, पण तुमच्या घरी यंदा त्यांचा खरा उपयोग आहे. कंपनीने परवडणारा आणि पुरेसा इन्शुरन्स देऊ केला असेल, तर त्या महिन्यांसाठी मार्केटप्लेसची सबसिडी मिळत नाही. मग ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये नवरा नव्या कंपनीत असताना तुम्हाला ती का मिळाली, असा प्रश्न उद्या निघाला तर त्याचं उत्तर दुसऱ्या १०९५-सीच्या चौदाव्या आणि सोळाव्या ओळींत छापलेलं असतं.

फॉर्म समोर घ्या. दुसऱ्या कंपनीच्या फॉर्मवर जानेवारी ते जुलै चौदाव्या ओळीत १-एच आणि सोळाव्या ओळीत २-ए असायला हवं. १-एच म्हणजे त्या महिन्यात इन्शुरन्स देऊ केलेला नव्हता. २-ए म्हणजे तो माणूस त्या महिन्यात आमच्याकडे कामालाच नव्हता. ऑगस्ट आणि सप्टेंबरला १-एचबरोबर २-डी असेल. २-डी म्हणजे कामावर आहे, पण इन्शुरन्स लागू होण्याआधीचा थांबण्याचा काळ चालू आहे. ऑक्टोबरपासून १-ई आणि २-सी. १-ई सांगतो की कर्मचारी, जोडीदार आणि मुलं सर्वांना इन्शुरन्स देऊ केला होता. २-सी सांगतो की कर्मचाऱ्याने तो घेतला. हेच चित्र दिसत असेल, तर तुमचे सबसिडीचे तीनही महिने नियमात बसतात. जुलैचं कारण तर पहिल्या कंपनीच्या फॉर्मवरच आहे, १-एच आणि २-ए, नोकरी संपलेली. त्या कंपनीने कोब्राचं, म्हणजे नोकरी सुटल्यावरही जुनाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याच्या सोयीचं, पत्र पाठवलं असेल. कोब्रा नुसतं देऊ केलं म्हणून सबसिडी जात नाही, ते घेतलं असतं तर गेली असती.

ऑगस्ट-सप्टेंबरसमोर १-ई छापलेलं दिसलं, तर ती कंपनीची चूक असू शकते. तेव्हा फॉर्मच्या वरच्या भागात, दहाव्या चौकटीत कंपनीचा फोन नंबर असतो, तिथे बोला आणि दुरुस्त फॉर्म मागा. फोननंतर एक ई-मेलही पाठवा, म्हणजे लेखी नोंद राहते.

या कोडांच्या जंगलामागचा हेतू एकदा कळला की भीती बरीच ओसरते. १०९५-सी हा मुळात तुमच्या कंपनीची झडती घेणारा फॉर्म आहे. २०१०च्या अफोर्डेबल केअर कायद्याने पन्नास किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपन्यांवर बंधन घातलं. आठवड्याला सरासरी तीस तास काम करणाऱ्याला त्यांनी परवडेल असा इन्शुरन्स देऊ करायचा, नाही तर आयआरएसला दंड भरायचा. कंपनीने हे केलं की नाही, ते महिन्यागणिक आणि माणसागणिक आयआरएसला सांगायचं साधन म्हणजे हा फॉर्म. तुमच्याकडे त्याची प्रत येते. तुमच्याकडून पैसे मागणारी एकही ओळ त्यात नाही.

पंधराव्या ओळीतल्या ११८चं कोडंही इथेच सुटतं. "परवडेल असा" हे कसं मोजायचं? कंपनीच्या पात्र प्लॅनपैकी सर्वांत स्वस्त प्लॅन, तोही फक्त कर्मचाऱ्यापुरता घेतला असता, तर त्याच्या पगारातून महिन्याला किती कापले गेले असते, तो आकडा तिथे लिहितात. २०२५ साठी त्याची तुलना उत्पन्नाच्या ९.०२ टक्क्यांशी होते. तुम्ही कोणता प्लॅन घेतला, किती जणांसाठी घेतला, याच्याशी त्या ओळीचा संबंध नाही. तुमचे ५४० हे तिघांचे आणि तुम्ही निवडलेल्या प्लॅनचे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

दुसऱ्या फॉर्मवर तुमचं आणि मुलाचं नाव नाही, याने तुम्हाला धसका बसला असणार. काळजी करू नका. काही मोठ्या कंपन्या उपचारांचा खर्च स्वतःच्या खिशातून देतात आणि इन्शुरन्स कंपनीला फक्त कारभारासाठी नेमतात. अशा कंपनीला १०९५-सीचा तिसरा भाग भरावा लागतो, त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि महिन्यांच्या खुणा येतात. तुमची पहिली कंपनी या प्रकारची दिसते. दुसरी कंपनी बाहेरच्या इन्शुरन्स कंपनीकडून पॉलिसी विकत घेत असावी. तसं असेल तर तिसरा भाग कोराच राहतो आणि कुणाकुणाला कव्हर होतं हे ती इन्शुरन्स कंपनी १०९५-बी या वेगळ्या फॉर्मवर कळवते. तो टपालाने आला नसेल तर तिच्या पोर्टलवरून उतरवा किंवा मागवा. उघडल्यावर तिघांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी नंबर ताडून पाहा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहायची पद्धत, त्यामुळे इथल्या फॉर्मवर मधलं नाव कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसतं. तसं झालं असेल तर आत्ताच एचआरकडून दुरुस्त करून घ्या.

टाकून देण्याबद्दल मैत्रिणींचं अर्धं बरोबर आहे. १०९५-बी आणि १०९५-सी रिटर्नला जोडायचे नसतात आणि त्यांची वाट पाहत रिटर्न अडवून धरायचीही गरज नसते. इन्शुरन्स नसल्याचा केंद्राचा दंड २०१९ सालापासून शून्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या कायद्यानंतर तर कंपन्यांना हे फॉर्म प्रत्येकाला आपणहून पाठवायचीही सक्ती राहिली नाही. वेबसाइटवर ठळक सूचना लावायची आणि मागितला तर द्यायचा, एवढं केंद्राच्या नियमाला पुरतं. पण तुम्ही राहता न्यू जर्सीत, आणि या राज्याने २०१९ पासून इन्शुरन्स असण्याची स्वतःची सक्ती आणली आहे. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसीतही तशी आहे. तुमच्या मैत्रिणींपैकी कुणी टेक्सासला किंवा नॉर्थ कॅरोलिनाला असेल, तर तिचा सल्ला तिच्या घरापुरता ठीक आहे.

एनजे-१०४० हे राज्याचं रिटर्न भरताना घरातल्या प्रत्येकाला बाराही महिने इन्शुरन्स होता का, हे सांगावं लागतं. तुमच्या बाबतीत जानेवारी ते जून पहिली कंपनी, जुलै ते सप्टेंबर मार्केटप्लेस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर दुसरी कंपनी, असे बारा महिने सलग भरतात. महिन्यातला एक दिवस जरी कव्हर असलं तरी तो महिना धरला जातो. मधे महिना रिकामा सापडला तरी लगेच घाबरू नका. तीन महिन्यांपेक्षा कमी काळाच्या सलग खंडाला राज्य सूट देतं, पण ती मागावी लागते. म्हणून सगळे फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकदा महिने मोजा, आणि मग हे सगळे कागद रिटर्नच्या प्रतीबरोबर निदान तीन वर्षं जपून ठेवा.

आता डीडी. १२,४८० आणि ५,९४० मिळून १८,४२० डॉलर. यावर टॅक्स नाही. हा आकडा तुमच्या उत्पन्नात मिळवायचा नाही आणि कुठे वजाही करायचा नाही. सॉफ्टवेअर विचारेल तेव्हा कोड आणि रक्कम जशीच्या तशी टाका, ती माहितीपुरती घेतली जाते. कंपनीने भरलेला हिस्सा आणि पगारातून कापलेला तुमचा हिस्सा मिळून इन्शुरन्सची पूर्ण किंमत किती होती, एवढंच तो सांगतो. कर्मचाऱ्याला ही किंमत दिसावी म्हणून अफोर्डेबल केअर कायद्याने ती डब्ल्यू-२ वर छापायला लावली. मला हे छापणं योग्य वाटतं. लेऑफचा फोन येतो तेव्हा पगाराबरोबर दुसरं काय जातं, ते या चौकटीत दिसतं. सहा महिन्यांचे १२,४८० म्हणजे महिन्याला २,०८० डॉलर. कोब्राच्या पत्रात जी रक्कम बघून माणसं हादरतात ती साधारण हीच असते, वर दोन टक्के कारभाराचा खर्च धरून.

अमेरिकेत इन्शुरन्स नोकरीला इतका घट्ट का बांधला गेला, त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. तेव्हा सरकारने पगारवाढीवर बंधनं आणली, पण आरोग्याच्या सोयींना त्यातून मोकळीक दिली. मग माणसं टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी इन्शुरन्स द्यायला सुरुवात केली, आणि १९५४च्या करकायद्याने त्याची करमुक्ती पक्की केली. तुमच्या डीडीवर टॅक्स नाही तो त्यामुळे.

८०-डीसारखी वजावट इथे वेगळी मागायची नसते, कारण ती बहुधा तुम्हाला आधीच मिळालेली आहे. पे-स्टब पाहा. मेडिकलची कपात प्री-टॅक्स या मथळ्याखाली असेल, तर ते ५४० डॉलर डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीत मोजलेच गेलेले नाहीत. तेच पैसे पुन्हा वजा केले तर ते चूक ठरेल.

न्यू जर्सीचं मात्र इथेही वेगळं आहे. राज्य ही प्री-टॅक्स सवलत साधारणपणे मानत नाही. म्हणून तुमच्या डब्ल्यू-२ वर सोळाव्या चौकटीतला राज्याचा पगार पहिल्या चौकटीपेक्षा जास्त दिसू शकतो. ती छापण्यातली चूक नव्हे. उलट या फरकातून तुमचा फायदा निघू शकतो. राज्याच्या रिटर्नमध्ये एकूण उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवरचा वैद्यकीय खर्च वजा करता येतो, आणि राज्याने ज्या प्रीमियमवर कर लावला तो प्रीमियमही त्या खर्चात धरता येतो. मार्केटप्लेसच्या तीन महिन्यांत तुम्ही स्वतः भरलेला हिस्सा, डॉक्टरांकडे दर भेटीला स्वतः भरलेले कोपे, मुलाच्या दातांचं बिल, सगळं मिळवून दोन टक्क्यांच्या वर जातंय का ते नक्की पाहा. घाईत हे सोडून देणारी कुटुंबं पुष्कळ आहेत.

बारा नंबरच्या चौकटीत डीडीशेजारी डब्ल्यू हे अक्षर दिसलं, तर तिथे थांबा. ते हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये गेलेले पैसे आहेत. त्यासाठी फॉर्म ८८८९ भरावाच लागतो, डीडीसारखं नुसतं टाकून पुढे जाता येत नाही.

या आठवड्यात आधी १०९५-ए मिळवा, मग फॉर्म ८९६२ भरून केंद्राचं रिटर्न पुन्हा पाठवा, आणि ते स्वीकारल्याचा संदेश आल्यावर एनजे-१०४० ला हात घाला. परतफेडीचा आकडा मोठा निघाला आणि एकदम भरणं जड गेलं, तरी रिटर्न १५ एप्रिलच्या आतच पाठवा. पैसे हप्त्यांनी भरायची सोय आयआरएसच्या वेबसाइटवरूनच करता येते. व्याज लागतं, पण रिटर्नच उशिरा भरण्याचा दंड त्यापेक्षा बराच जड असतो.